वास येईनासा झाला तेव्हा

४ सप्टेंबर

आज कामावर रुजू झाले. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या बोळात, जिन्याला लागून एक खोली आहे. दारावर ‘श्रवणकक्ष’ अशी पाटी. खाली तेच ब्रेल लिपीत उठवलेलं आहे, पण पाटी इतकी उंच ठोकली आहे की वाचायला शिडी लागेल. अंध वाचक इथे येऊन ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकतात. पूर्वी ती पुस्तकं याच खोलीत वाचून मुद्रित करत. आता कुणी करत नाही, पण यंत्रं तशीच आहेत. मोठाले टेपरेकॉर्डर, पेटीएवढा एक अ‍ॅम्प्लिफायर, फुगीर पडद्याचे दोन संगणक, आणि वीज गेली तर हाताशी असावा म्हणून इन्व्हर्टर व त्याची बॅटरी.

आणि वास. दार उघडल्याबरोबर तो अंगावर आला. गरम तव्यावर धूळ पडावी तसा, त्यात थोडा माशांचा, थोडा तापलेल्या प्लॅस्टिकचा.

ग्रंथपालांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या आत आल्याच नाहीत. दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून त्यांनी मला काम समजावलं. वाचनकक्षातले लोक वासाची तक्रार करतात. ही जुनी यंत्रं विषारी हवा सोडतात असं कुणीतरी कार्यकारिणीच्या कानावर घातलंय. ऑक्टोबरअखेरच्या बैठकीपर्यंत वास गेला नाही तर यंत्रं भंगारात जातील आणि खोलीचं कोठार होईल. माझी नेमणूकही तोवरचीच.

घरी आईने शेजारणीला आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी वाचनालयात साहेब झाली. बाबांनी जेवताना विचारलं, कॉलेजात वासाचा धडा होता का? मी इतिहास घेऊन पदवीधर झाले. पण घरातली पहिलीच पदवी असल्यामुळे तिच्यात सगळंच येतं असा समज आहे. पंखा बंद पडला तरी हाक मलाच.

ही खोली मी बंद पडू देणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

७ सप्टेंबर

रोज येणारे वाचक तिघंच. मास्तर निवृत्त संगीतशिक्षक आहेत, येताना घसा खाकरतात म्हणजे आपण आल्याची वर्दी. टेलिफोनताई इस्पितळात टेलिफोनवर बसतात, रात्रपाळी संपली की येतात. खुर्चीवाले वेताच्या खुर्च्या विणतात. या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याच हातच्या. बाकीचे वाचक आठवड्यातून कधीतरी येतात.

मी त्यांना वासाबद्दल विचारलं. अंध माणसांचं नाक तीक्ष्ण असतं असं मी ऐकलं होतं, तसं बोलूनही दाखवलं. मास्तर हसत सुटले. म्हणाले, “पोरी, मला बारा महिने सर्दी असते. मला वास येतो तो फक्त खुर्चीवाल्याच्या विडीचा.” खुर्चीवाले म्हणाले की विडी सोडून त्यांना वर्ष झालं. त्यावर मास्तर म्हणाले, मग तो वास तुझाच असेल. टेलिफोनताईंना मात्र अ‍ॅम्प्लिफायरचा वास आवडतो. त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या टेलिफोनच्या बोर्डाला तसाच वास यायचा म्हणे.

तिघांपैकी कुणालाही ही खोली जाणार असल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग मास्तरांनी, राहिलेलं प्रकरण लावतेस ना, एवढंच विचारलं.

एक गोष्ट कळत नाही. सगळ्यांत जास्त वास अ‍ॅम्प्लिफायरच्या कोपऱ्यात येतो. खिडकीजवळच्या चांगल्या खुर्च्या मोकळ्या असतात. तरी टेलिफोनताई आणि खुर्चीवाले त्याच कोपऱ्यात बसतात. तिथे एकाच जागी दोन हेडफोन लागतात आणि वायरी आखूड आहेत, त्यामुळे दोघांना अगदी चिकटून बसावं लागतं. बिचाऱ्यांची गैरसोय होते.

१२ सप्टेंबर

आज दिवसभर सफाई. यंत्रांची पाठ उघडली तर आत धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला. ब्रशने सगळी झाडली. संगणक चालू केला तर करपट वास जवळजवळ गेला होता. म्हणजे इतके महिने लोकांना यंत्रांचा म्हणून जो वास येत होता, तो भाजलेल्या धुळीचा होता. मला इतका आनंद झाला की मोठ्या बाईंना बोलवायला धावत गेले. त्या दारातूनच म्हणाल्या, “बरं आहे. पण मासे अजून आहेत.”

मासे अ‍ॅम्प्लिफायरमधले. तो तूर्तास बंद ठेवला.

मग खोलीची मांडणी बदलली. बॅटरी भिंतीशी जमिनीवर असायची, मास्तरांची काठी रोज तिला अडखळायची. अंध माणसांच्या खोलीत वाटेत वस्तू ठेवायची ही कुठली रीत? मी शिपायाच्या मदतीने बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही लाकडी कपाटात ठेवले आणि दारं लावून टाकली. आता वाट कशी मोकळी, स्वच्छ.

खिडक्यांच्या फटींत जुनी कापडं कोंबली. भिंतीवर नियमच लिहिलेला आहे, खिडक्या उघडू नयेत. ध्वनिमुद्रणाच्या काळात रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून तो केला असणार. पण धुळीवरही तोच उपाय आहे, तेव्हा मी तो काटेकोर पाळायचं ठरवलंय.

१३ सप्टेंबर

टेलिफोनताई आणि खुर्चीवाल्यांसाठी खिडकीजवळ दोन वेगवेगळ्या जागा केल्या, लांब वायरीचे नवे हेडफोन देऊन. मला वाटलं, खूश होतील. दोघांनी आभार मानले, पण तोंडदेखले. खुर्चीवाले अर्ध्या तासात उठून गेले. माणसांना सवय सोडवत नाही हेच खरं.

१९ सप्टेंबर

नवीनच वास सुरू झालाय. सडक्या अंड्यांचा. तीन दिवस झाले. मी गटारावर संशय घेतला, शिपायाने बोळातल्या गटारात बादल्या ओतल्या. फरक नाही. मग बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने कपाट उघडलं, बॅटरीत पाणी घातलं, झाकणं लावली आणि म्हणाला, बॅटरी म्हटली की थोडा वास यायचाच, काळजी करू नका. मी विचारलं, अपायकारक आहे का? तो म्हणाला, “मॅडम, मी वीस वर्षं हेच काम करतोय, मला काही झालंय का?” त्याला पाहून तसं काही वाटलं नाही, म्हणून विषय सोडला.

आईने आज माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, दुसऱ्यांच्या कपड्यांना वास लागायला नको म्हणे. “नोकरी पुस्तकांची आणि वास कसला आणतेस घरी?” मी म्हटलं, यंत्रांचा. तिने मला जवळ ओढलं. दारात उभी राहून माझ्या केसांचा वास घेतला, मी लहान असताना ताप बघायची तसा.

२५ सप्टेंबर

वास गेला!

म्हणजे सकाळी आत येताना येतो, पण थोडा वेळ बसलं की जातो. मास्तरांनाही तसंच वाटतं. ते म्हणाले, आत शिरताना सर्दीतूनही जाणवतो, मग नाहीसा होतो. टेलिफोनताईंचाही तोच अनुभव. मी यावर विचार केला आणि उलगडा झाला. वास खोलीतला नाहीच. तो बोळातला आहे. आपल्या कपड्यांबरोबर आत येतो आणि खोलीतल्या शुद्ध हवेत विरून जातो.

मग दाराच्या फटीतही कापड लावलं.

मोठ्या बाईंना सांगितलं, त्यांनी दारात क्षणभर उभं राहून मान हलवली आणि निघून गेल्या. त्यांची मानच वेगळी आहे, हो म्हणते की नाही ते कळत नाही.

दोन दिवस डोकं दुखतंय, डोळे चुरचुरतात. रात्री पुस्तकांची वर्णनं टाइप करत बसते म्हणून असेल. मास्तर आज त्यांचं सगळ्यांत आवडतं पुस्तक ऐकताना झोपले. उठल्यावर म्हणाले, वय झालं.

१ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी डबा घरी विसरले. दुपारी आई तो घेऊन आली. वाचनालयात ती पहिल्यांदाच आली होती, चांगले कपडे घालून. मी दार उघडलं. ती उंबरठ्यावर थांबली, पदर नाकाला गेला. मला लाज वाटली. तिघं वाचक बसलेले, त्यांच्यासमोर असं काय करतेस, असं मी हळूच म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खिडकीकडे गेली, फटीतलं कापड ओढून काढलं आणि कडी उघडायला लागली. नियम आहे आई, असं मी म्हणत राहिले. कडी गंजलेली. तिने पायातली चप्पल काढून कडीवर दोनदा मारली आणि खिडकी उघडली.

मी तिला हात धरून बाहेर नेलं. बोळात तिच्यावर रागावले. मोठ्या बाई काय म्हणतील, माझी नोकरी जाईल, सगळं बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आता परत आत जा आणि मला सांग.”

रागातच आत गेले आणि दारातच अडखळले. सडकी अंडी, इतकी की मीही नाक दाबलं. एवढा वेळ मी त्यातच बसले होते आणि मला वास येत नव्हता. तिघंही त्यातच बसलेली, त्यांनाही येत नव्हता.

कपाटाच्या दाराला हात लावला तर ते गरम होतं. आत बॅटरीची बाजू फुगलेली. मला वाटलं, इन्व्हर्टरचं बटण बंद करावं, पण आईने बाहेरून ओरडून सांगितलं, हात लावू नकोस, आधी माणसं काढ. मी सगळ्यांना उठायला सांगितलं. मास्तर उठताना डुलले, त्यांना मी धरलं. टेलिफोनताई आणि खुर्चीवाले एकमेकांचा हात धरून निघाले. एका अंध माणसाने दुसऱ्या अंध माणसाचा हात धरून काय होणार, असं मनात येऊन गेलं, पण दोघं कुठेही न धडकता माझ्याआधी बाहेर होती.

शिपायाने जिन्याजवळच्या बोर्डावरून वीज तोडली. मास्तर पायरीवर बसले, त्यांना घेरी आली होती. आई त्यांना आपल्या पदराने वारा घालत होती. मास्तर म्हणाले, “कोण आहे हो? हात ओळखीचा नाही.” आई म्हणाली, मुलीची आई. मास्तर म्हणाले, “मग मुलीला सांगा, प्रकरण अर्धं राहिलंय.”

मोठ्या बाई आल्या, तेव्हा मी लगेच सांगितलं की बॅटरी कपाटात मी ठेवली आणि फटी मीच बुजवल्या. त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

२ ऑक्टोबर

मास्तरांना इस्पितळात नेलं होतं. ठीक आहेत. आम्ही सगळेच ठीक आहोत.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. जुना इन्व्हर्टर बॅटरी भरली तरी वीज रेटत राहतो. बंद कपाटात ती तापली, मग तिच्यातून हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू आला, आणि त्याच्याबरोबर ठिणगीने पेट घेणाराही एक वायू असतो. थोडा वास घेतल्याने माणसाला काही होत नाही. पण बंद खोलीत तासन्‌तास बसलं की डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, घेरी येते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नाकाला तो येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. उलट तेव्हाच बाहेर पडायचं.

माझ्या वहीत २५ तारखेला मी काय लिहिलंय ते वाचलं. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

६ ऑक्टोबर

घरी बसून आहे. राजीनामा लिहावा का? बाबांना विचारलं. ते गोदामात पोती उचलतात, फार बोलत नाहीत. म्हणाले, पोतं पडलं तर आम्ही गोदाम सोडत नाही, पोतं उचलतो. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, पायावर पडलं असलं तरी.

संध्याकाळी टेलिफोनताईंचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी फक्त विचारलं, “अगं, कधी उघडतेयस?” मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. त्या म्हणाल्या, तुला कसं कळणार, आमची भेटायची दुसरी जागा नाही. मी म्हटलं, पुस्तकांची दुसरी सोय मी करेन, घरी पोहोचवेन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पुस्तकांचं मी बोलत नव्हते, पण राहू दे.

नंतर बराच वेळ विचार करत बसले. त्या दोघांना मी दोन टोकांना बसवलं होतं, लांब वायरी देऊन. देवा.

१५ ऑक्टोबर

आठवडाभर धावाधाव. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंकडे गेले. मी त्यांच्या विषयाची नव्हते, तरी त्यांनी बसवून घेतलं. अ‍ॅम्प्लिफायरमधला माशांचा वास आतल्या छोट्या नळकांड्या गळतात त्याचा. तेवढ्या वासाने माणूस आजारी पडण्याची शक्यता कमी, पण गळलेल्या द्रवाला हात लावू नये आणि ते यंत्र चालवू नये. जुन्या प्लॅस्टिकच्या वासाबद्दल त्या म्हणाल्या की तापलेल्या प्लॅस्टिकमधून काही ना काही निघतं. हवा खेळती असेल तर त्यांना फारशी काळजी वाटत नाही, पण वर्षानुवर्षं बंद खोलीत बसलं तर काय होतं ते नक्की सांगता येणार नाही. मी म्हटलं, मी कार्यकारिणीला काय सांगू? “जेवढं माहीत आहे तेवढं सांग. माहीत नाही त्याला माहीत नाही म्हण. यात कमीपणा कसला?”

एवढं सोपं होतं. मी मात्र इतके दिवस पदवी मिरवत, कारणं शोधत बसले होते.

२९ ऑक्टोबर

बैठक झाली. आमचे तिघं वाचकही येऊन मागे बसले होते.

खजिनदार आधी बोलले. जुनी वस्तू, वास येतो, अपघात झाला, आणखी काय हवं? सगळं भंगारात. अंध वाचकांना मोबाइलवर पुस्तकं मिळतात म्हणे. दोघातिघांनी माना हलवल्या.

मी उभी राहिले. कोणता वास कशाचा, कोणता अपायकारक, कोणता नाही, ते सांगितलं. अपघात केवळ यंत्र जुनं होतं म्हणून झाला नाही, हवा बंद केली म्हणून झाला आणि ती मी बंद केली, हेही सांगितलं. संगणकांच्या वासाबद्दल पूर्ण माहिती नाही, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून बसायचं, डोकं दुखलं तर उठून बाहेर जायचं, आणि अ‍ॅम्प्लिफायर व बॅटरी आजच काढायची. वीज गेली तर गेली, थांबू.

खजिनदार म्हणाले, खिडक्या उघड्या, बाहेर रस्ता, मग पुस्तक ऐकू काय येणार?

तेव्हा टेलिफोनताई मागून म्हणाल्या, “साहेब, हे आम्हाला विचारलंत का?”

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. खोली त्यांची, आणि पहिल्या दिवसापासून मी ती त्यांच्यासाठी वाचवत होते, त्यांना विचारून नाही. खुर्चीवाले उभे राहिले. म्हणाले, आम्ही रस्त्यातून चालत येतो, रस्त्याच्या आवाजाला आम्ही काय घाबरणार. मोबाइलवर पुस्तक मिळतं, पण शेजारी माणूस मिळत नाही. बसताना ते जिथे बसायला हवे तिथेच बसले. टेलिफोनताईंनी बाजूला सरकून जागा केलीच होती.

मास्तरांना बोलायचं नव्हतं. अध्यक्षांनीच विचारलं, तुम्हाला तर घेरी आली होती, तुमचं काय मत? मास्तर म्हणाले, घेरी मला घरी एकटं बसूनही येते.

बराच खल झाला. शेवटी ठरलं की वर्षभर खोली चालू ठेवायची, खिडक्यांना जाळ्या बसवायच्या, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाने, रोज आत बसणाऱ्याने नव्हे, येऊन वास तपासायचा. ही शेवटची अट मीच सुचवली होती. माझी नेमणूकही वर्षभराची. तपासायला कोण येणार, असं अध्यक्षांनी विचारलं. मग मोठ्या बाई म्हणाल्या, मी येईन.

३ नोव्हेंबर

खोली उघडली. ऊन आत आलं, आणि रस्ताही. भाजीवाल्याचा ओरडा, शाळेची घंटा, कुणाचं तरी भांडण. मास्तर दोन वेळा म्हणाले की पुस्तकातलं ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या वेळी मला गप्प राहायला सांगून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

टेलिफोनताई आणि खुर्चीवाल्यांसाठी मी एकाच खुर्चीजवळ दोन हेडफोन जोडून दिले. वायरी आखूड. टेलिफोनताईंनी माझ्या हातावर हात ठेवला, तेवढंच.

अकराच्या सुमारास मोठ्या बाई आल्या. रुमाल हातात होता, नाकाला नव्हता. दारात उभ्या राहून त्यांनी लांब श्वास घेतला, मग दुसरा. त्यांचं मत कळेना म्हणून मी श्वास रोखून उभी. तेवढ्यात मास्तर म्हणाले, “बाई, येताय की जाताय ते ठरवा. दारातून वारा अडतोय.”

मोठ्या बाई आत आल्या. रिकाम्या खुर्चीवर बसल्या, वेत कुरकुरला. कुठलं पुस्तक चालू आहे, असं त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीपासून लाव.

मास्तर फार चिडले. मी सुरुवातीपासून लावलं.